स्कायडायव्हिंगचा गॉगल घरीच पारखून घ्या

सातारा-सांगलीकडून पहिल्यांदा उडी मारायला जाणारे बहुतेक जण टँडम उडी घेतात. प्रशिक्षक पाठीशी बांधलेला असतो, पॅराशूट तोच उघडतो, आणि गॉगल ड्रॉपझोनवर, म्हणजे उडी मारून उतरायच्या मैदानावर मिळतो. तिथे गॉगल निवडायला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. म्हणून काय बघायचं ते आधीच ठाऊक असलेलं बरं. चष्मा वापरणाऱ्यांनी, किंवा पुढे एकट्याने उडी मारायचं प्रशिक्षण घेणाऱ्यांनी तर स्वतःचा गॉगल घेऊनच जावं. हरियाणातल्या नारनौलच्या ड्रॉपझोनपर्यंतचा प्रवास करायचा आणि फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसतं पडत असताना, डोळ्यांतून पाणी वाहत असल्याने काहीच दिसायचं नाही, हे टाळता येण्यासारखं आहे.

फ्रीफॉलमध्ये पोट खाली ठेवून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे मोटारसायकलवर ताशी ६० किलोमीटरला तोंडावर जो वारा लागतो, त्याच्या सुमारे अकरा पट दाब इथे असतो. नेहमीचा उन्हाचा गॉगल या वाऱ्यात क्षणात उडून जातो. पाचगणीला टँडम पॅराग्लायडिंगसाठी घेतलेला गॉगलही इथे चालेलच असं नाही, कारण तिथे हवेतला वेग साधारण ताशी ३५ ते ४० किलोमीटरच असतो.

डोळे कोरडे पडणं, पाणी येणं हा त्रास आहेच, पण खरा धोका वेगळा आहे. एकट्याने उडी मारणाऱ्याला मनगटावरचा अल्टीमीटर (उंची दाखवणारं यंत्र) वाचावा लागतो, छातीवरची हँडल बघावी लागतात. पॅराशूट उघडल्यावर मान वर करून ते नीट चौकोनी फुललंय का, दोऱ्या गुंतल्यात का, हे तपासावं लागतं आणि शेवटी जमीन किती जवळ आली याचा अंदाज घ्यावा लागतो. १३,००० फुटांवरून उडी मारली तर फ्रीफॉल असतो पाऊण मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात गॉगल सावरत बसायला वेळ नसतो.

लेन्स कसली हवी

लेन्स पॉलिकार्बोनेटचीच घ्या. हे प्लॅस्टिक आघाताने फुटून त्याचे तुकडे डोळ्यात जात नाहीत आणि अतिनील किरणं ते जवळजवळ पूर्ण अडवतं, अगदी पारदर्शक असलं तरी. खरी काच अजिबात नको. अॅक्रिलिकही नको, त्याला तडा जातो आणि धारदार कडा निघतात. लेन्सच्या कोपऱ्यात किंवा फ्रेमवर ‘ईएन १६६’ (युरोपचं मानक) किंवा ‘एएनएसआय झेड८७’ (अमेरिकेचं मानक) असा शिक्का असेल तर आघाताची चाचणी झालेली आहे असं समजा. ईएन १६६ मध्ये ‘एफ’ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगाने येणारी छोटी पोलादी गोळी सोसणारी लेन्स आणि ‘बी’ म्हणजे १२० मीटर वेगाची. पण हा शिक्का असलेला कारखान्यातला सेफ्टी गॉगल आणू नका. त्याची मोठी सरळ भोकं वारा थेट डोळ्यांवर सोडतात.

रंगाचा विचार शेवटी करा. पहिल्या उड्यांना पारदर्शक लेन्स सर्वांत बरी: ढगाळ हवा असो की संध्याकाळ, ती चालते. भर उन्हासाठी हलकी राखाडी चालेल. पोलराइज्ड, म्हणजे चमक अडवणारी लेन्स मात्र टाळा. डिजिटल अल्टीमीटरच्या पडद्याकडे ठरावीक कोनातून पाहिलं की ती लेन्स आकडे काळे करून टाकते. दुकानातच तपासायचं तर गॉगल लावून साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे बघा आणि कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवा. आकडे गायब झाले तर तो गॉगल परत ठेवा.

लेन्समधून दिसणारं वाकडं होतंय का हेही बघायचं. समोरच्या खिडकीच्या उभ्या गजांकडे बघत मान सावकाश डावी-उजवीकडे वळवा. गज लहरी घेताना दिसले तर जमिनीचं अंतर ओळखण्यात चूक होईल. स्वस्त, जाड, वळवलेल्या लेन्समध्ये हा दोष कडेला हमखास सापडतो.

चेहऱ्यावर बसतो का

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. महाग गॉगलही नाकाच्या दांडीजवळ फट राहिली तर कुचकामी ठरतो, आणि साधा गॉगल नीट बसला तर काम भागवतो.

पट्टा न लावता गॉगल चेहऱ्यावर हलकेच टेकवा. फोम सगळीकडून एकसारखा टेकायला हवा. नाकाच्या दोन्ही बाजू, गालफडाची हाडं आणि कानशिलं या तीन जागी बोट फिरवून फट शोधा. आता तोंड पूर्ण उघडा, मोठ्याने हसा, गाल फुगवा. फ्रीफॉलमध्ये वाऱ्याने गाल असेच थरथरतात आणि गॉगल खालून उचलला जातो. हसल्यावर खालची कड सुटत असेल तर त्या आकाराचा नाद सोडा, दुसरा आकार बघा.

मग पट्टा लावा. तो डोक्याच्या मागच्या फुगीर भागाच्या किंचित खाली यायला हवा, वर सरकता कामा नये. पट्टा इतका आवळा की मान झटकल्यावर गॉगल हलणार नाही. पण कपाळात ठणका सुरू झाला किंवा नाक चेपून श्वास अडला तर जास्त झालं. सैल गॉगल आवळून बसवायचा प्रयत्न करू नका, आवळल्याने फोम एका जागी दबतो आणि दुसऱ्या जागी उचलतो. हेल्मेट किंवा टोपी घालून पुन्हा तपासा. पट्टा हेल्मेटच्या आत ठेवा.

घरची चाचणी सोपी आहे. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून हातभर अंतरावरून नाकाच्या बाजूने, गालाखालून आणि कानशिलाकडून वारा मारा. डोळ्याला झुळूक लागली की फट तिथेच आहे. दुसरी चाचणी मोटारसायकलची: गाडी दुसऱ्याने चालवायची, तुम्ही मागे बसायचं, हेल्मेट घालून काच वर करायची. ताशी ६० लाच डोळ्यांत पाणी आलं तर पुढचा विचारच नको.

वाफ

तेरा हजार फुटांवर तापमान जमिनीपेक्षा सुमारे २५ अंशांनी कमी असतं. थंड लेन्सला चेहऱ्याची दमट, उबदार हवा लागली की आतून वाफ धरते. म्हणून गॉगलला वर-खाली फोमने झाकलेली बारीक भोकं असावी लागतात. भोकं अजिबात नसतील तर वाफ जात नाही, मोठी असतील तर वारा आत येतो. पोहण्याचा गॉगल या कामाला का नको, तेही इथेच कळतं. तो पूर्ण हवाबंद असतो. वर जाताना आतली हवा फुगून थोडी बाहेर निघते आणि खाली येताना बाहेरचा दाब वाढून तो डोळ्यांना ओढून धरतो.

वाफ न धरणारा थर आतल्या बाजूला असलेली लेन्स घ्या. तपासायला गॉगल पिशवीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग लावा. थोडी वाफ येईलच. पंख्यासमोर ती काही सेकंदांत गेली तर ठीक. पावसाळ्यात चाळकेवाडीच्या किंवा कासच्या पठारावर गार वारा आणि भुरभुर पाऊस एकदम मिळतो, तिथे अर्धा तास लावून फिरलात तर गॉगलची परीक्षाच होते. विमानात वर जाताना गॉगल डोक्यावर चढवून ठेवू नका, लेन्स गार पडते. गळ्यात, जॅकेटच्या आत ठेवा आणि प्रशिक्षक सांगेल तेव्हा, दार उघडण्याआधी लावा.

चष्मा, लेन्स आणि डोळ्यांची शस्त्रक्रिया

चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो. ड्रॉपझोनला आधी फोन करून विचारा, त्यांच्याकडे बहुधा असतो. चष्म्याच्या दांड्या जाड असतील तर कानशिलापाशी फोम उचलला जातो, म्हणून बारीक दांड्यांची जुनी फ्रेम न्या. गॉगल दाबल्यावर चष्म्याची काच आतून लेन्सला टेकू नये. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याने खाली बघताना जमीन धूसर दिसते. एकट्याने उतरणाऱ्याने फक्त दूरच्या नंबरचा चष्मा करून घ्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स नीट बसलेल्या गॉगलखाली चालतात. जादा जोडी आणि नेहमीचा चष्मा बॅगेत ठेवा.

डोळ्याची कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, लेसर असो वा मोतीबिंदू, तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय पैसे भरू नका. डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रियेत आत गॅसचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत उडी पूर्ण वर्ज्य. १३,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन-पंचमांशाजवळ येतो, म्हणजे बुडबुडा दीडपटीहून जास्त फुगू शकतो. त्याने डोळ्यातला दाब इतका वाढतो की दृष्टी जाऊ शकते. अशा रुग्णाने सांगलीहून महाबळेश्वरचा घाट चढण्याआधीसुद्धा डॉक्टरांना विचारावं. मिरजेत शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांच्या हाती जी सूचनापत्रिका येते, ती जपून ठेवा आणि ड्रॉपझोनला दाखवा.

जपणूक

पॉलिकार्बोनेटला चरे लवकर पडतात. शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपा. आतली बाजू ओली असताना घासलीत तर वाफ न धरणारा थर निघून येतो. स्पिरिट, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यांनी लेन्सला बारीक तडे जातात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या गॉगलचा फोम सुटतो आणि फ्रेम वाकते. पट्टा ताणून सोडल्यावर लगेच मूळ लांबीला येत नसेल, फोम बोटाने दाबल्यावर दबलेलाच राहत असेल किंवा नजरेच्या रेषेत चरा असेल, तर तो गॉगल उडीसाठी वापरू नका. टँडमला दिलेला गॉगलही असाच तपासा आणि न पटल्यास निःसंकोच दुसरा मागा.