आधी नाके, मग रस्ता: मोटारसायकलने पुणे ते युरोप, सीमांचं नियोजन

पुण्याहून युरोपपर्यंत मोटारसायकलने जायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशावर रेघ ओढतात, रोजचे किलोमीटर काढतात आणि सीमांचं शेवटी बघतात. क्रम उलटा करा. कुठल्या नाक्यावरून, कुठल्या तारखेला बाहेर पडायचं हे आधी पक्कं करा. मधला रस्ता त्यात बसवता येतो. नाका मात्र रस्त्यासाठी हलत नाही.

आधी बंद दारं खोडून टाका. अटारी-वाघा भारतीय पर्यटकाच्या उपयोगाचं नाही. मणिपूरचं मोरे-तामू ऑगस्ट २०१८ मध्ये उघडलं, मार्च २०२० मध्ये कोविडमुळे मिटलं आणि पुढे म्यानमारमध्ये लष्करी उठाव झाला, त्यामुळे त्या बाजूचा बेत आखूच नका. कॅस्पियन समुद्रातून फेरीने बाकूला जायची कल्पना छान वाटते, पण अझरबैजानने प्रवाशांसाठी आपल्या भूसीमा मार्च २०२० पासून बंद ठेवल्या आहेत. म्हणून उरते ती वाट अशी: सुनौली (भारत-नेपाळ नाका), काठमांडू, केरुंग (नेपाळमधून चीनमध्ये शिरायचा नाका), काशगर, इर्केश्ताम (चीन-किर्गिझस्तान नाका), ओश, कझाकस्तान, रशियातलं आस्त्राखान, वेर्खनी लार्स (रशिया-जॉर्जिया नाका), जॉर्जिया, सार्पी (जॉर्जिया-तुर्की नाका), तुर्की, बल्गेरिया. नाहीतर गाडी जहाजाने पुढे पाठवायची आणि मधला तुकडा सोडून द्यायचा.

यातला खिळा म्हणजे चीन. तिथे परदेशी गाडीला तात्पुरती नंबरप्लेट आणि चालकाला तात्पुरतं लायसन्स लागतं, आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. गाइड सोबत हवाच, आणि आत शिरायचा नाका, बाहेर पडायचा नाका, तारखा, मुक्काम हे सगळं गाइड देणारी एजन्सी आधी मंजूर करून घेते. त्या तारखा हातात आल्या की त्यांच्यापासून मागे मोजत या: काठमांडूत चार दिवस राखीव, पुण्याहून सुनौलीला पाच दिवस, निघण्याआधी कागदांना दोन-तीन महिने. तारीख धरताना चिनी सुट्ट्याही बघा. शनिवार-रविवार इर्केश्ताम आणि किर्गिझस्तानकडचा दुसरा नाका तोरुगार्त बंद असू शकतात, आणि १ ऑक्टोबरला सुरू होणारा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा त्याहून वाईट.

नेपाळ-चीन नाक्याला पर्याय ठेवाच. २०१५ च्या भूकंपानंतर तातोपानीच्या जुन्या नाक्याचा रस्ता बंद झाला आणि सगळी वाहतूक रसुवागढीला, म्हणजे केरुंगच्या नेपाळी बाजूला गेली. जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा मितेरी पूलच वाहून गेला. पैसे भरण्याआधी एजन्सीला दोनच प्रश्न लेखी विचारा: सध्या परदेशी मोटारसायकल कुठल्या नाक्यावरून सोडतात, आणि तो बंद पडला तर दुसरा नाका परवान्यात घालता येईल का.

माणूस आणि गाडी, दोन वेगळ्या फायली

प्रत्येक सीमेवर तुमची नोंद इमिग्रेशनला होते आणि गाडीची कस्टमला. तुमचा शिक्का कोणी विसरत नाही, कारण त्याशिवाय पुढचा माणूस सोडतच नाही. गाडीचा शिक्का मात्र सहज राहून जातो आणि त्रास देतो तो तीन देश पुढे गेल्यावर.

म्हणून सुरुवात आरसीपासून. आपल्याकडे आरसीवर कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतं आद्याक्षर असतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात असतं किंवा नसतंच. घरी बसून ही गंमत वाटते, पण सीमेवरच्या माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. कार्नेसाठी (गाडीच्या कस्टमच्या वहीसाठी) अर्ज करण्याआधी आरटीओत जाऊन आरसीवरचं नाव पासपोर्टसारखं करून घ्या. कर्ज फिटलं असेल तर बोजाची नोंदही काढा, चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून उतरवू नका. गाडीवरचे पुसून, टॉर्च मारून वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा.

कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट: जकात न भरता गाडी तात्पुरती आत आणून परत बाहेर नेण्यासाठीची वही. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते, त्यासाठी बँक गॅरंटी लागते. मुदत एक वर्ष. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवानाही वर्षाचाच, म्हणून दोन्ही फार लवकर काढून ठेवू नका. चीन, किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया, तुर्की यांना कार्ने लागत नाही. इराण, पाकिस्तान, बांगलादेश, इजिप्त यांना लागतं. मग या वाटेवर कशाला? गाडी जहाजाने परत न्हावाशेवाला उतरेल तेव्हा ती इथूनच तात्पुरती गेली होती हे दाखवायला. त्यासाठी बाहेर जातानाचा भारतीय कस्टमचा शिक्का हवा. सुनौलीला भारतीय गाड्या दिवसभर सहज ये-जा करतात, त्यामुळे मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही. कस्टमचं ऑफिस शोधून, थांबून घ्या.

कार्नेच्या पानाचे आडवे तीन तुकडे असतात. देशात शिरताना सर्वांत खालचा फाडून कस्टम ठेवून घेतं आणि वरच्या तुकड्यावर शिक्का मारतं. बाहेर पडताना मधला फाडतात आणि वरच्यावर दुसरा शिक्का बसतो. वरचा तुकडा वहीतच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के, तारखा आणि सह्या असल्या तरच तो देश निकाली निघाला. नेहमीच्या चुका: चुकीचा तुकडा फाडणं, भलतंच पान उघडणं, न वाचता येणारी तारीख. नाक्यावरच्या माणसाने वर्षातून दोनदा कार्ने पाहिलेलं असतं, म्हणून योग्य पान उघडून, बोट ठेवूनच वही पुढे करा. बाहेरचा शिक्का राहिला तर तो देश गाडी तिथेच विकली असं धरून जकात मागू शकतो आणि ती वसुली तुमच्या गॅरंटीवर येते. पुढे कुठल्याही देशाच्या कस्टमकडून गाडी दाखवून, तपासून, ती तिथे आहे असा दाखला घेता येतो. वहीत त्यासाठी नमुना असतो.

नाकेवारी

सुनौलीला पलीकडे बेलहियात भन्सार, म्हणजे गाडीचा नेपाळी कस्टम परवाना काढायचा. अर्जात जितके दिवस लिहाल तितक्यांचे पैसे. दोन दिवस जास्त लिहा, मुदत उलटली तर दंड पडतो. भारतीय गाडीला नेपाळी आर्थिक वर्षात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढच्या जुलैपर्यंत, एकूण ३० दिवस मिळतात. आधी मुक्तिनाथ करून आला असाल तर ते दिवस यातूनच गेले. रोख १०० च्या नोटांत ठेवा.

घड्याळं फसवतात. सगळा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो, म्हणजे नेपाळपेक्षा सव्वादोन तास पुढे. नेपाळमध्ये सकाळचे दहा वाजले की पलीकडे सव्वाबारा वाजलेले असतात, जेवणाची सुट्टी तोंडावर. इर्केश्तामला याहून गुंता आहे: चिनी कस्टम-इमिग्रेशन प्रत्यक्ष सीमेच्या साधारण १४० किलोमीटर अलीकडे, उलुगचातला आहे. तिथलं काम सकाळीच संपवा, नाहीतर सीमेच्या फाटकावर सुट्टीत अडकाल. किर्गिझ घड्याळ दोन तास मागे, त्यामुळे दोन्हीकडच्या सुट्ट्या जुळत नाहीत. थंडी, वारा आणि बंद फाटक. डबा आणि जॅकेट वरच्या बॅगेत असू द्या.

इर्केश्तामला मिळणारा गाडीच्या तात्पुरत्या आयातीचा कागद सोन्यासारखा जपा. किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि रशिया हे एकाच कस्टम संघात असल्याने मधल्या सीमांवर पासपोर्ट बघतात, गाडीचा नवा कागद देत नाहीत. तोच कागद रशियातून बाहेर पडताना वेर्खनी लार्सला द्यायचा. म्हणून काउंटर सोडण्याआधी त्यावरची शेवटची तारीख बघा: तीनही देशांचे दिवस त्यात बसतात का? कमी असतील तर तिथेच वाढवून मागा. नंबरही ताडून बघा. आपल्या पाटीवरच्या 'एच'सारखं दिसणारं रशियन अक्षर 'न' असतं, टाइप करणारा कुठली लिपी वापरतो देव जाणे.

कझाकस्तानात भारतीयांना जुलै २०२२ पासून १४ दिवस व्हिसाशिवाय मिळतात. देश अवाढव्य आहे, त्यामुळे पूर्वेकडून शिरून पश्चिमेला बाहेर पडायचं तर विश्रांतीचे दिवस मोजून घ्या. रशियाचा ई-व्हिसा एकदाच शिरायला चालतो आणि ठरावीक नाक्यांवरच. शिरायचा आणि निघायचा, दोन्ही नाके त्या यादीत आहेत का ते अर्जाआधी बघा. मार्च २०२२ पासून रशियात आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं चालत नाहीत, तेव्हा पेट्रोल आणि विम्याचे पैसे रोख न्या. वेर्खनी लार्स हिवाळ्यात हिमकड्यांमुळे कधीही बंद होतं. ऑक्टोबरच्या आत पार व्हा.

जॉर्जियात परदेशी गाडीला मार्च २०१८ पासून विमा सक्तीचा आहे. तुर्कीत गाडी तुमच्या पासपोर्टवर नोंदली जाते, त्यामुळे गाडी तिथे ठेवून विमानाने घरी यायचं असेल तर आधी कस्टमला विचारा. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून भूसीमेवरही शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आलं, म्हणून १८० पैकी ९० दिवसांची मोजणी तिथल्या नाक्यावरच सुरू होते. जुन्या प्रवासवर्णनांत तसं नसेल.

परत आल्यावर कार्ने घरी आठवण म्हणून ठेवू नका. न्हावाशेवाचा परतीचा शिक्का झाला की वही असोसिएशनला जमा करा. ती तपासून निकाली निघाल्यावरच बँकेतली गॅरंटी मोकळी होते.