पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही: ग्राफिक्स कार्डचा दोष कसा शोधायचा

बटण दाबलं, पंखे फिरले, कार्डावरचे दिवेही लागले, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. अशा वेळी कार्ड गेलं असं धरून नवीन घ्यायला धावू नका. पंख्याला फिरायला नुसते १२ व्होल्ट पुरतात. त्यामुळे पंखा फिरतोय म्हणजे कार्ड चांगलं, असं होत नाही, आणि डिस्प्ले नाही म्हणजे कार्ड मेलं, असंही नाही. दोष वायरीत, रॅममध्ये, एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज देणारा पॉवर सप्लाय) किंवा बायोसच्या (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) एखाद्या सेटिंगमध्येही असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी मशीन चालू करून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात तोच परत येईल.

मशीन चालू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर आणि रॅम चालू आहेत, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचत नाही. दिवा हलतच नसेल तर मदरबोर्डच पुढे सरकलेला नाही, आणि तिथे पहिला संशय कार्डावर नव्हे, रॅमवर घ्यायचा. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (मशीन सुरू होणं). जो दिवा पेटून राहतो, तिथे काम अडलंय. दिवे नसतील तर छोटा बीप स्पीकर लावा. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार.

आता वायर. केबल कार्डाच्या पोर्टला आहे की मदरबोर्डच्या, हे मागे वाकून डोळ्यांनी बघा. कार्ड बसवल्यावर बहुतेक मदरबोर्ड आपला पोर्ट बंद ठेवतात, त्यामुळे केबल तिथेच राहिली तर पडदा काळाच. मॉनिटरच्या मेनूत इनपुट बरोबर निवडा. डिस्प्लेपोर्ट असेल तर मॉनिटरचा प्लग मिनिटभर काढून परत लावा, अडकलेला मॉनिटर तेवढ्यानेही जागा होतो. कार्डाचे बाकीचे पोर्टही बघा.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर डिस्प्ले येतो का बघा. आला तर बाकी मशीन ठीक, संशय कार्ड, स्लॉट आणि पॉवर यांच्यावर. मात्र इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल, किंवा रायझन ५००० पर्यंतचा ‘जी’ नसलेला प्रोसेसर असेल, तर मदरबोर्डवरून डिस्प्ले येणारच नाही. तिथे ही चाचणी फसवते. मित्राचं साधं चालू कार्ड आणून लावणं हाच मार्ग.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सफाईला. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फाउंड्री आणि मशीन शॉपची धूळ असते. तिच्यात लोखंडाचे कण असतात आणि ते वीज वाहून नेतात. कारखान्याच्या ऑफिसात कॅडसाठी ठेवलेल्या मशीनमध्ये ही काळी पूड स्लॉटजवळ साचलेली असेल तर साफ केल्याशिवाय पॉवर देऊच नका, दोन पिनांमध्ये पूल तयार झाला तर चांगलं कार्ड जळतं. ऊस गाळपाच्या हंगामात उडणारी काजळी हीटसिंकच्या पात्यांत बसते, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ही सगळी घाण संपर्काच्या पट्ट्यांवर चिकटते. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेलं मशीन सुरू केल्यावर डिस्प्ले येत नाही, त्यामागे अनेकदा एवढंच असतं.

प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या, कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावा. कार्डाचा स्क्रू आणि पॉवरची पिन काढा, स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. क्लिप न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. ते नसेल तर मऊ पांढरा खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने चालवा आणि त्याचा भुसा झटका. पॉलिशपेपर कधीही नको, सोन्याचा थर निघाला की खालचा धातू गंजतो. रॅमच्या पट्ट्याही तशाच पुसा आणि एकच रॅम एका स्लॉटमध्ये लावून बघा. कार्ड परत बसवताना क्लिपचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. लांब, जड कार्ड खाली झुकतं आणि मागच्या टोकाचा संपर्क सुटतो, त्याला खालून आधार द्या.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेलं मशीन असेल तर गोष्ट निराळी. स्लॉटच्या आत गाळ वाळून बसतो आणि वरवर पुसून निघत नाही. तो अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढून, काही दिवस पूर्ण वाळवूनच पॉवर द्या.

पॉवरचा हिशोब सरळ आहे. स्लॉटमधून कमाल ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून ७५, ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. आरटीएक्स ३०६० साधारण १७० वॅट घेतं, म्हणून त्याला वेगळी पिन लागतेच. ती अर्धवट बसली तरी पंखे फिरू शकतात आणि डिस्प्ले मात्र येत नाही. कनेक्टर ६+२ पिनचा असेल तर दोन्ही तुकडे एकत्र धरून क्लिप अडकेपर्यंत दाबा. प्रोसेसरची ४+४ पिन दिसायला तशीच असते, पण तिची उलटसुलट जोडणी वेगळी आहे, ती जबरदस्तीने कार्डात घालू नका. साटा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरवरून ८ पिन करणारे स्वस्त अडॅप्टर टाळा. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या पुढे झेपवत नाही, वितळतो. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना मोलेक्सच्या (एसएमपीएसचा चार पिनचा जुना कनेक्टर) पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदला.

एवढं करूनही पडदा काळाच असेल तर बायोस रीसेट करा. प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. सेल ३ व्होल्टचा असतो. तो उतरला असेल तर नवा घाला, तो किरकोळ खर्च आहे. जुन्या कार्डाला नवीन मदरबोर्डवर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू करावं लागतं, कारण त्या कार्डात यूईएफआयचा (नव्या पद्धतीच्या बायोसचा) आधार नसतो. रायझर केबलवर (कार्ड स्लॉटपासून दूर बसवायची केबल) कार्ड लावलं असेल तर केबल काढून थेट स्लॉटमध्ये लावा. जेन ३ च्या (स्लॉटच्या वेगाची पिढी) रायझरवर जेन ४ चं कार्ड अनेकदा डिस्प्लेच देत नाही, आणि बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर ठेवला की सुरू होतं.

कंपनीचा लोगो दिसतो आणि विंडोज सुरू होताना पडदा काळा पडतो, तेव्हा कार्डाला हात लावू नका, तो ड्रायव्हरचा (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोष असण्याची शक्यता जास्त. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढा आणि कार्ड कंपनीच्या साइटवरून नवा टाका.

दुसऱ्या मशीनमध्येही डिस्प्ले नाही, तेव्हाच दोष कार्डात. तिथे एक मोजमाप करा. कार्ड बाहेर काढून त्याच्या ८ पिन सॉकेटमध्ये मल्टिमीटर ओहमवर ठेवून ग्राउंड आणि १२ व्होल्टच्या पिनांमध्ये मोजा: क्लिपच्या बाजूची रांग ग्राउंडची, समोरच्या रांगेत १२ व्होल्टच्या तीन पिना. आकडा दोन-चार ओहमवर किंवा शून्याजवळ असेल तर मॉसफेट (कार्डावर वीज नियंत्रित करणारा भाग) शॉर्ट झालेला असू शकतो. ते काम चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याचं आहे. कार्ड ओव्हनमध्ये भाजून किंवा हीट गनने तापवून सुरू करायचा उपाय करू नका. सुरू झालं तरी ते थोडे दिवस टिकतं आणि नंतर दुरुस्तही होत नाही.

दुकानात देताना कार्ड अँटीस्टॅटिक पिशवीत घाला, सिरीयल नंबर आणि स्टिकरचे फोटो काढून ठेवा, आणि वॉरंटी शिल्लक आहे का हे कार्ड उघडायच्या आधी बिलावर बघा. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं तर काही कंपन्या दावा नाकारतात.