जॅकी सेलेबींवर लिहिताना या चुका टाळा

‘जॅकी सेलेबी तुरुंगात वारले’ असं लिहिलं असेल, तर आधी ते वाक्य खोडा. डिसेंबर २०११ मध्ये भ्रष्टाचाराच्या शिक्षेविरुद्धचं अपील फेटाळलं गेल्यावर दक्षिण आफ्रिकेचे हे माजी पोलीसप्रमुख तुरुंगात गेले खरे. पण मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे जुलै २०१२ मध्ये त्यांना वैद्यकीय पॅरोल मिळाला. २३ जानेवारी २०१५ रोजी ते वारले तेव्हा ६४ वर्षांचे होते. पॅरोल मिळाला म्हणून ते निर्दोष ठरले, हीही चूकच. दोषसिद्धी कायम होती.

सगळ्यात जास्त घोळ निकालाचा होतो. जुलै २०१० मध्ये जोहान्सबर्गच्या न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचाराबद्दल दोषी धरलं, न्यायदानात अडथळा आणल्याच्या आरोपातून मात्र सोडलं. पुढच्या महिन्यात १५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांना पैसे देणारा ग्लेन अॅग्लिओटी अमली पदार्थांच्या तस्करीत दोषी ठरलेला होता. खाणउद्योजक ब्रेट केबल यांच्या २००५ मधल्या हत्येचा खटला अॅग्लिओटीवर चालला, म्हणून काही जण सेलेबींनाही त्या कटात ओढतात. त्यांच्यावर खुनाचा आरोप नव्हता, आणि अॅग्लिओटीही त्यातून सुटला. पोलीसप्रमुखाने तस्कराकडून पैसे घेणं हेच भयंकर आहे, त्यात न घडलेलं काही मिसळू नका.

सेलेबी शिपाई किंवा फौजदार म्हणून खात्यात वर चढले, असंही समजू नका. शिक्षक, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते, खासदार, जिनिव्हातले राजदूत, परराष्ट्र खात्याचे महासंचालक आणि २००० साली थेट पोलीसप्रमुख, असा त्यांचा प्रवास. १९९७ च्या ऑस्लोतल्या भूसुरुंगबंदी परिषदेचे अध्यक्ष तेच होते. हे गाळलं, तर हा माणूस कुठून कुठे आला ते वाचकाला कळणारच नाही. २००४ मध्ये ते इंटरपोलचे अध्यक्ष झाले, पण ते इंटरपोल चालवत होते असं लिहू नका; तिथला रोजचा कारभार महासचिव पाहतात.

वुसी पिकोली यांना तर बहुतेक जण विसरतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. राष्ट्रीय अभियोक्ता, म्हणजे देशातल्या सरकारी वकिलांचे प्रमुख, असताना त्यांनी २००७ मध्ये सेलेबींच्या अटकेची पावलं उचलली, आणि त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी त्यांना निलंबित केलं. सरकारने कारण दिलं ते न्यायमंत्र्यांशी संबंध बिघडल्याचं. तेव्हा दोन्ही गोष्टी लिहा, पण सरकारी कारण गाळून ‘सेलेबींना वाचवायलाच निलंबन झालं’ हा आपला निष्कर्ष वस्तुस्थिती म्हणून मांडू नका. पुढे चौकशीत पिकोली पदासाठी योग्यच ठरले, तरीही त्यांना बडतर्फ करण्यात आलं.