सिलिकॉन कोटिंग वरून सुकतं, खालून चिकट राहतं: माझा अनुभव

बोटीच्या तळाला बार्नॅकल (समुद्रातले चिकटून बसणारे कवचवाले जीव) धरू नयेत म्हणून लावायच्या सिंगल पार्ट आरटीव्ही सिलिकॉनमध्ये (दुसरं काही न मिसळता साध्या तापमानाला सेट होणारं) मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन घालून सॅम्पल प्लेटा करत होतो, वर साय धरायची पण नख लावलं की खाली चिकट. कॅप्सेसिन कमी केलं, ओव्हनमध्ये ठेवलं, काही फरक नाही, डोकं उठलं नुसतं. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच वरून खाली सेट होतं, आणि सोलापूरच्या एप्रिलात ओलावा आणायचा कुठून, त्यात ओव्हन म्हणजे उरलासुरलाही गेला!

आधी कॅप्सेसिन पाणी नसलेल्या झायलीनमध्ये (रंग पातळ करायचं सॉल्व्हंट) पूर्ण विरघळवा (मास्क, ग्लोव्ह्ज घालूनच, जाम ठसका लागतो), मग सिलिकॉनमध्ये हळू ढवळा, पातळ हात मारा, झायलीन मोकळ्या हवेत उडू द्या, त्यानंतरच झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याशेजारी प्लेट ठेवा, फडकं प्लेटला लागता कामा नये. खालपर्यंत सेट झालं की मगच दुसरा हात.