‘ब्रॅगडोशिओ’ हा शब्द समजून कसा घ्यावा आणि मराठीत कसा आणावा

इंग्रजी मजकुरात ‘ब्रॅगडोशिओ’ हा शब्द आला की ‘बढाई’ एवढा अर्थ लावून आपण पुढे जातो आणि त्याचा अर्धा अर्थ हातचा जातो. हा शब्द नीट कळण्यासाठी आधी त्याचे मूळ पाहावे, कारण त्याची खरी छटा तिथेच आहे.

दिसायला तो इटालियन वाटतो. प्रत्यक्षात तो एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीने घडवला. ‘ब्रॅग’, म्हणजे बढाई मारणे, या जुन्या इंग्रजी शब्दाला इटालियन धाटणीचा प्रत्यय जोडून त्याने १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्यातील एका पात्राचे नाव तयार केले. हा ब्रॅगडोचिओ दुसऱ्याचा घोडा आणि भाला चोरून सरदार म्हणून मिरवतो. जवळ तलवार का नाही असे विचारले, तर आपण एका तलवारीने सात सरदार लोळवले आहेत आणि आता जगातील सर्वश्रेष्ठ वीराचीच तलवार धरण्याची शपथ घेतली आहे, असे तो सांगतो. पुढे रानात शिंगाचा आवाज येताच मात्र तो झुडपात दडतो आणि शेवटी हातापायांवर रांगत बाहेर येतो. त्या दशकातच हे नाव पोकळ बढाईखोरासाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले. त्याच्या बोलण्याला आणि ऐटीला ते लागू झाले ते बऱ्याच नंतर, अठराव्या शतकात.

म्हणून भाषांतर करताना पहिला प्रश्न असा विचारावा की बोलणाऱ्याच्या दाव्यामागे काही आहे का. शंभर मैल धावलेल्या माणसाने ते चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगितले तर ती प्रौढी होय. घरचा जिना चढताना दम लागणाऱ्याने तेच सांगितले, तर ‘ब्रॅगडोशिओ’ शोभतो. त्यासाठी ‘पोकळ फुशारकी’ हा पर्याय मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि भाषणातील धमकीवजा गर्जनांसाठी ‘वल्गना’ उत्तम. ‘आत्मश्लाघा’ अचूक असली तरी तिच्यात ऐट दिसत नाही. माणसाचे वर्णन करायचे असेल, तर महाभारताच्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आपल्याजवळ आहेच: अंतःपुरात कौरवांना जिंकण्याच्या बाता मारणारा आणि प्रत्यक्ष सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळू लागणारा. शेखचिल्ली मात्र इथे चालणार नाही. तो मनोराज्य करतो, शौर्याचा आव आणत नाही.

वापराबाबत थोडेच सांगायचे आहे. हा शब्द नाम आहे, त्याचे क्रियापद करू नये. उच्चारात ‘डो’वर जोर द्यावा, शेवट ‘शिओ’ किंवा ‘चिओ’ दोन्ही चालतात. लिहिताना ‘जी’ दोनदा आणि ‘सी’ एकदाच येतो. स्पेन्सरच्या पात्राच्या नावात दिसणारा ‘एच’ आजच्या शब्दात उरलेला नाही.

रॅप संगीतावरील लेखनात हा शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. तिथे स्वतःच्या शब्दकौशल्याची थोरवी गाणे हा मान्य संकेतच आहे आणि गाणारा पोकळ असल्याचा आरोप त्यात नसतो. अशा ठिकाणी ‘फुशारकी’ लिहिल्यास लेखकावर अन्याय होईल. ‘आत्मगौरवाची धाटणी’ असे लिहावे.