‘पुढून आवाज येतोय’ एवढ्यावर शॉकअप बदलू नका: सस्पेन्शनच्या खडखडीत होणाऱ्या चुका

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येतं, “पुढून आवाज येतोय.” आणि उत्तरही ठरलेलं, “शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अब्झॉर्बर) गेले.” दोन वर्षांपूर्वी मीही या उत्तरावर मान डोलावली. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, अलाइनमेंट केली, बिल भरलं. घरी येताना सोसायटीच्या गेटसमोरच्या गतिरोधकावर तीच टकटक. दोष निघाला लिंक रॉडमध्ये, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझरच्या दांडीला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांडीत. शॉकअपच्या जोडीपुढे त्याची किंमत अगदीच किरकोळ.

माझी चूक पाना हातात घेण्याच्या आधीच झाली होती. मी नुसतं ‘आवाज’ म्हणालो. आपल्या भाषेत आवाजाला इतके शब्द आहेत, ते अशा वेळी वापरावेत. बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू जाताना टकटक येते का? मोठ्या खड्ड्यात धप्प होतं का? गतिरोधकावर कुरकुर होते, की उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टंग्‌कन वाजतं? वेग, रस्ता, वळण, ब्रेक यांपैकी कशाने आवाज बदलतो, ते गॅरेजात जाण्याआधी दोन दिवस टिपून ठेवा.

त्याआधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, सैल झालेली स्टेपनी, नंबरप्लेट, मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल, यातलं काहीही सस्पेन्शनचं सोंग आणतं. आमच्याकडे एकदा फक्त वळणावर गडगड यायची. सीटखाली जेजुरीहून आणलेला नारळ निघाला.

आता गतिरोधकाची परीक्षा. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी अशा बहुतेक कौटुंबिक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असतो आणि दोन्ही बाजूंना जोडणारी स्टॅबिलायझरची दांडी. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर ती दांडी पिळली जात नाही. गाडी तिरकी नेऊन एकेक चाक चढवलं की ती पिळते आणि झिजलेला लिंक रॉड बोलू लागतो. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना टकटक, तर आधी लिंक रॉड आणि त्या दांडीचे बुश (जोडावरची रबरी कडी) तपासा. यात हमखास होणारी चूक म्हणजे गाडी जॅकवर घेऊन लिंक हलवून पाहणं. चाक लटकलं की लिंकवर ताण येतो, तिची ढिलाई लपते आणि मेकॅनिक म्हणतो, “एकदम टाइट आहे.” हा तपास चाकं जमिनीवर असताना, गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर करायचा.

बॉल जॉइंटचं, म्हणजे चाकाकडच्या भागाला खालच्या दांडीशी जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचं, उलट. त्यासाठी चाक उचलावं लागतं. घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून चाक हलवा. खेळ (ढिलाई) जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. फक्त ९ आणि ३ ला खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं टोक. मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका, खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावाच. बॉल जॉइंटला खेळ निघाला तर ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू नका, कारण तो निसटला की चाक आडवं होतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टंग्‌ आवाज आला तर बॉनेट उघडा, एकाला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर तळवा ठेवा. तिथलं बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग पिळून एकदम सुटते आणि तो झटका हाताला कळतो. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालू नका.

खडखड चालू असताना ब्रेक हलकेच दाबून पाहा. आवाज थांबला तर सस्पेन्शन बहुधा निर्दोष आहे. ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सुकलेल्या पिना वाजत असतील. ही १० सेकंदांची चाचणी कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं.

कुरकुरीवर तेल मारणं ही घरगुती चूक. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की बुशचं रबर फुगून नरम पडतं. त्यापेक्षा एकेका बुशवर पाणी ओता. ज्याच्यावर ओतल्यावर आवाज बदलला, तोच गुन्हेगार.

आणि जी चूक चांगल्या गॅरेजातही पाहिली आहे ती ही: लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांडीचा) नवा बुश बसवून, चाक हवेत लटकत असतानाच बोल्ट पूर्ण आवळणं. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. आत-बाहेरच्या नळ्यांमध्ये रबर चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळला की गाडी जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेलाच राहतो आणि फार लवकर फाटतो. मग आपण ‘डुप्लिकेट पार्ट’ म्हणून दुकानदाराला शिव्या घालतो. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचं आवळायचं.

शॉकअप बदलायचेच असतील तर एका एक्सलचे दोन्ही, म्हणजे डावा-उजवा जोडीनेच. त्यावर तेल ओघळलेलं दिसलं, किंवा बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी डुलतच राहिली, तर ते खरंच गेले आहेत. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड काढला तर अलाइनमेंट हवी. नुसत्या लिंक रॉडला नको, तिथे पैसे देऊ नका. आणि काम झाल्यावर नवाच आवाज आला तर नवा पार्ट शोधण्याआधी नट सैल राहिलाय का ते पाहायला लावा.

काढलेला पार्ट मागून घ्या आणि हाताने हलवून पाहा. नव्या लिंकच्या टोकाचा गोळा घट्ट असतो, झिजलेला लुळा पडतो. आमचा जुना लिंक रॉड मी असाच हौसेने आणला होता. परवा मागून खडखड येऊ लागली म्हणून डिकी उघडली, तर स्टेपनीच्या खाचेत तोच वाजत होता.