टायरचा दिवा लुकलुकतो, हवा मात्र बरोबर

नाशिकच्या थंडीत गाडी सुरू केली की डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा लागू लागला. थंडीत हवेचा दाब उतरतोच; तापमान साधारण 6 अंशांनी घसरलं की एक पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी. पण हा दिवा आधी मिनिटभर लुकलुकायचा आणि मग स्थिर व्हायचा. खरी मेख इथेच आहे. सरळ लागलेला दिवा म्हणजे हवा कमी. आधी लुकलुकणारा म्हणजे बहुधा चाकातला दाब मोजणाऱ्या सेन्सरचीच तक्रार.

तरी खात्री हवी म्हणून रात्रभर उभ्या गाडीची चारही चाकं स्वतःच्या गेजने मोजली (पंपावरच्या मीटरवर माझा फारसा भरवसा नाही). दाब दाराजवळच्या स्टिकरवर लिहिला होता तेवढाच. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, म्हणून थोडं फिरवून आणली. मागच्या डाव्या चाकापुढे स्क्रीनवर नुसत्या रेघा.

टायरवाल्याने व्हॉल्व्हजवळ स्कॅनर धरला. तीन सेन्सर लगेच बोलले, चौथा गप्प. आतली बॅटरी संपलेली, आणि ती सीलबंद असल्यामुळे अख्खा सेन्सरच नवा. तो बसवून त्याचा आयडी गाडीत नोंदवला, चाक बॅलन्स करून घेतलं. बाकीचे तीनही तेवढेच जुने आहेत, पण चालतायत तोवर खर्च कशाला?